पॉवेल रिव्हर : अर्ध्या किलोमीटरची नदी, बंदर आणि कागदाची गिरणी

निळी_खाडी (धागाकर्ती)

ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की कॅनडातल्या पॉवेल रिव्हरची कागद गिरणी आता कायमची बंद. डिसेंबर २०२१ पासून ती बेमुदत थांबलेलीच होती, तरी ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसले. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही त्या गावात चार दिवस राहिलो होतो. गिरणीच्या वाफेचे लोट तेव्हा खोलीच्या खिडकीतून दिसायचे. तेव्हापासून या गावाबद्दल हाताला लागेल ते वाचत आले आहे. ते एकदा मराठीत लिहून काढावं म्हणून हा धागा.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. व्हँकूवरपासून वायव्येला किनाऱ्याने साधारण सव्वाशे किलोमीटर. गाव बेटावर नाही, मुख्य भूमीवरच आहे. पण मधल्या खाड्या आणि डोंगर इतके आडवे येतात की गाडीने जायचं तर दोनदा गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. एकदा हॉर्सशू बे ते लँगडेल, मग दीड तास रस्ता, आणि पुन्हा अर्ल्स कोव्ह ते सॉल्टरी बे. ही सोयसुद्धा १९५४ पासूनची. त्याआधी माणसं, टपाल, दूध, पियानो, जे काही यायचं ते युनियन स्टीमशिप कंपनीच्या बोटीने. बोट आली नाही तर गावात काही आलं नाही.

बहुतेक लेख या गावाचा इतिहास १९१२ पासून सुरू करतात. मला तो नदीपासून सुरू करावासा वाटतो. ही नदी जेमतेम अर्धा किलोमीटर लांब आहे, जगातल्या सगळ्यात आखूड नद्यांपैकी एक. वर डोंगरांच्या बेचक्यात लांबच लांब पसरलेलं पॉवेल तळं, खाली समुद्र, आणि मधे एवढीशी धाव. तळ्याचं सगळं पाणी त्या एका चिंचोळ्या वाटेने खाली कोसळायचं. पाण्याची अशी उडी आणि तिच्या पायथ्याशीच जहाज लागेल इतका खोल समुद्र, हे दोन्ही एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं. गिरणीवाल्यांनी नेमकं हेच हेरलं.

पण त्यांच्या कितीतरी आधी ती जागा दुसऱ्या लोकांनी निवडली होती. नदीच्या मुखाशी त्लाअमिन या आदिवासी लोकांचं तीस्क्वात नावाचं गाव होतं. नदी, मासे, समुद्र, होडी लावायला काठ. १८७० च्या दशकात तीस्क्वात आणि आसपासची मिळून हजारो एकर जमीन, सरकारदरबारी तिचं नाव 'लॉट ४५०', लाकडाच्या धंद्यासाठी विकली गेली. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना उत्तरेला काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या वस्तीत जावं लागलं. आणि नदीला नाव मिळालं इस्रायल वुड पॉवेल यांचं. ते या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आदिवासी व्यवहार खात्याचे प्रमुख अधिकारी होते.

गिरणी उभारली ब्रूक्स आणि स्कॅनलन या अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या लाकूड व्यापाऱ्यांनी. तिकडची पाइनची जंगलं संपत आली होती आणि ते पश्चिमेला नवं रान शोधत होते. १९१० च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं आणि एप्रिल १९१२ मध्ये पहिलं रीळ निघालं. पश्चिम कॅनडात तयार झालेला तो पहिला न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. पुढे एका टप्प्यावर ही जगातली सगळ्यात मोठी न्यूजप्रिंट गिरणी होती.

सगळं एका दमात लिहीत नाही. प्रश्न आले की प्रतिसादांत भर घालत जाईन.

शिंपला

ताई, सुरेख लिहिलंय. जेमतेम अर्धा किलोमीटरची नदी ही कल्पनाच किती गोड आहे! एक प्रश्न पडला. जंगल डोंगरात, मग गिरणी समुद्राकाठी कशाला? ओंडके वाहून आणायचा त्रास नाही का?

निळी_खाडी

@शिंपला, त्या किनाऱ्यावर उलटं आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतात. झाड पाडलं की ओंडका उतारावरून पाण्यात. मग शेकडो ओंडके एकत्र बांधून त्यांचा अवाढव्य तराफा करायचा आणि टगबोटीने हळूहळू ओढत न्यायचा. शेकडो मैल किनाऱ्यावरचं जंगल अशा रीतीने एका गिरणीच्या दारात येतं. रस्ता बांधावा लागत नाही.

तयार माल निघायचा तोही समुद्रानेच. धक्क्यावर रिळं चढवली की जहाज खाली कॅलिफोर्नियाकडे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची शहरं तेव्हा झपाट्याने वाढत होती, वर्तमानपत्रांची पानं वाढत होती. १९१३ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या न्यूजप्रिंटवरची जकात उठवली. गिरणी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. गावाचं नशीब उघडलं म्हणायचं ते तेव्हा.

म्हणून मी याला बंदर म्हणते. पण सगळ्या बंदरांसारखं हे नाही. इथे बाजारपेठ नव्हती, आडत नव्हती, चार देशांचे व्यापारी नव्हते. आत येणार लाकूड, बाहेर जाणार कागद. एकाच मालावर जगणारं बंदर.

कागदवाला

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझी सगळी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात कागद गिरणीत गेली. आमच्याकडे मुख्यतः बांबू, नंतर निलगिरी आणि सुबाभूळ. त्यामुळे पॉवेल रिव्हरची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी, पण कळते.

पाण्याच्या उडीचं एवढं महत्त्व का, ते सांगतो. लगदा करायचे दोन मुख्य मार्ग. एक म्हणजे लाकूड रसायनात शिजवायचं. मोठ्या उभ्या टाकीत, तिला आम्ही डायजेस्टर म्हणतो, लाकडाच्या चिपा भरायच्या, दाबाखाली वाफ द्यायची. लाकडातला डिंकासारखा भाग, लिग्निन, विरघळतो आणि धागे सुटे होतात. कागद मजबूत होतो, पण लाकडाच्या वजनाच्या निम्माच लगदा हाती लागतो.

दुसरा मार्ग सरळ दळण्याचा. फिरत्या दगडी जात्यावर ओंडका दाबून धरायचा, वरून पाणी सोडायचं. लाकूड जवळजवळ सगळं वापरलं जातं, वाया काही जात नाही. पण जातं फिरवायला ताकद किती लागते याची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. आणि लिग्निन तसंच राहतं, म्हणून जुना पेपर उन्हात ठेवला की पिवळा पडतो.

जुन्या पद्धतीच्या न्यूजप्रिंटमध्ये साधारण चार भाग दळलेला लगदा आणि एक भाग सल्फाइट नावाच्या रसायनात शिजवलेला. दळलेल्यामुळे स्वस्त आणि शाई चांगली पिणारा, शिजवलेल्यामुळे मशीनवर न तुटणारा. म्हणजे चार भाग जात्यावरचे, आणि जातं पाण्यावर चालणार. तळं वर आणि समुद्र खाली, ही त्या गिरणीची खरी पुंजी. लाकूड कुठूनही आणता येतं, पाण्याची उडी आणता येत नाही.

एक मात्र कुठल्याही देशात सारखं. मशीनवर कागद तुटला की जी धावपळ होते ती. ओला कागद मशीनवरून कोरड्या टोकाकडे धावत असतो आणि अचानक फाटतो. भोंगा वाजतो. पाळीतला प्रत्येक माणूस हातातलं टाकून पळतो. कागदाची शेपूट, म्हणजे पुढचं टोक, धरून पुन्हा रोलरांतून ओवावी लागते. ती ओवली गेली की सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, अजून झोपेत तो भोंगा ऐकू येतो.

अर्धविराम

कागदवाला काका, काय सांगितलंत! जात्याची उपमा डोक्यात पक्की बसली.

कागदवाला

उपमा नाही हो, खरोखरच दगड असतो तो. आधी नैसर्गिक वालुकाश्म वापरत, पुढे कृत्रिम दगड आले. गुळगुळीत झाला की त्याला टाकी मारावी लागते, आपल्या जात्याला मारतात तशीच.

निळी_खाडी

काका, मनापासून आभार. कंपनीच्या मासिकाचं नाव 'डायजेस्टर' होतं हे मला माहीत होतं, पण त्या टाकीबद्दल इतकं समजून आज प्रथमच कळलं. कामगारांची लग्नं, बाळं, बेसबॉलचे सामने, बागांच्या स्पर्धा, सगळं त्या मासिकात छापून यायचं.

आता गावाच्या रचनेबद्दल. कंपनीने कामगारांसाठी जे गाव वसवलं त्याला आजही 'टाउनसाइट' म्हणतात. त्या काळात इंग्लंडात उद्यान-नगरांची कल्पना जोरात होती. कारखान्याच्या धुरात झोपड्या नकोत, प्रत्येक घराला अंगण, हवा, झाडं हवीत. तीच कल्पना इथे आणली. रस्त्यांना झाडांची नावं, मेपल, ओक, अक्रोड, देवदार. गिरणीच्या वरच्या उतारावर घरांच्या ओळी, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घरातून समुद्र दिसतो. नाचगाण्यासाठी ड्वाइट हॉल बांधला १९२७ मध्ये. पॅट्रिशिया थिएटर १९१३ पासून चालू आहे, आताची इमारत १९२८ ची. आम्ही तिथे एका संध्याकाळी सिनेमा पाहिला. लाकडी खुर्च्या, रंगवलेल्या भिंती, आणि तिकीट फाडून देणारे आजोबा प्रत्येकाला नावाने ओळखत होते.

जवळपास चारशे मूळ इमारती अजून उभ्या आहेत आणि १९९५ मध्ये टाउनसाइटला राष्ट्रीय ऐतिहासिक परिसराचा दर्जा मिळाला.

पण घर कंपनीचं म्हणजे नोकरी सुटली की घरही सुटलं. ज्यांना स्वतःची जमीन हवी होती, कोंबड्या पाळायच्या होत्या, किंवा ज्यांना टाउनसाइटमध्ये जागाच मिळत नव्हती, ती माणसं बाहेर वस्त्या करून राहिली. वेस्टव्ह्यू, क्रॅनबेरी, वाइल्डवुड अशी ती गावं. १९५५ मध्ये ही तिन्ही आणि टाउनसाइट मिळून एक नगरपालिका झाली. त्या वर्षापर्यंत टाउनसाइटचा रस्ता, दिवा, पाणी सगळं कंपनीच्या मर्जीने चालत होतं. नागरिक आणि नोकर या दोन गोष्टींत तिथे चाळीसहून अधिक वर्षं फरक नव्हता.

स्थापत्य_६१

कुणी त्या काँक्रीटच्या जहाजांबद्दल लिहिणार आहे की मी लिहू? स्थापत्य अभियंत्यांसाठी पॉवेल रिव्हर म्हणजे तीर्थक्षेत्र आहे.

निळी_खाडी

तुम्हीच लिहा! मी त्यासाठीच जागा ठेवली होती.

स्थापत्य_६१

मग ऐका.

ओंडक्यांचे तराफे गिरणीसमोर समुद्रातच बांधून ठेवायचे. पण तो किनारा उघडा आहे. वाऱ्याच्या लाटांनी तराफे फुटले की ओंडके सामुद्रधुनीभर पांगणार. म्हणजे लाटा अडवायला काहीतरी हवं. दगडी बांध घालायचा तर पाणी खोल. कंपनीने वेगळाच उपाय केला. जुनी जहाजं विकत घ्यायची, आतली यंत्रं काढलेले सांगाडे, आणि ती साखळ्यांनी नांगरून एका ओळीत उभी करायची. तरंगता तट.

सुरुवात १९३० च्या सुमारास अमेरिकी आरमाराच्या भंगारात काढलेल्या दोन क्रूझर युद्धनौकांपासून झाली, 'चार्ल्सटन' आणि 'ह्युरॉन'. ह्युरॉनचं मूळ नाव 'साउथ डकोटा'. ती १९६१ मध्ये वादळात तिथेच बुडाली. चार्ल्सटनला त्याच वर्षी दुसऱ्या बंदरात हलवलं.

पण लोखंड समुद्रात गंजतं. काँक्रीट टिकतं. दोन्ही महायुद्धांत पोलादाचा तुटवडा पडल्यावर अमेरिकेने काँक्रीटची जहाजं बांधली होती. हो, सळया घालून ओतलेलं काँक्रीट, आणि ते तरंगतं. तरंगणं वस्तूच्या पदार्थावर नसतं, ती किती पाणी बाजूला सारते यावर असतं. युद्ध संपल्यावर ती जहाजं कुणाला नको होती, जड आणि संथ म्हणून. लाटा अडवायला मात्र जड आणि संथच हवं! युद्धानंतरच्या काळात ती एकेक करून पॉवेल रिव्हरला आली.

त्यातलं 'पेराल्टा' हे पहिल्या महायुद्धाच्या जहाजबांधणीतलं, १९२१ मध्ये पूर्ण झालेलं तेलवाहू. मधे काही वर्षं तरंगता मासळी कारखाना म्हणून वापरलं आणि १९५८ मध्ये इथे आणलं. त्या पिढीतल्या अमेरिकी काँक्रीट जहाजांपैकी तरंगत राहिलेलं हेच एक. त्याचं भावंड 'पालो आल्टो' कॅलिफोर्नियात किनाऱ्याला लागून मोडलेल्या अवस्थेत आहे.

आता मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात फ्लोरिडातल्या टँपा इथे अशी २४ जहाजं बांधली, आणि त्यांना नावं दिली सिमेंट-काँक्रीटच्या शास्त्रज्ञांची. पॉवेल रिव्हरच्या ओळीत 'जॉन स्मीटन' उभं राहिलं. स्मीटन म्हणजे ज्याने अठराव्या शतकात एडीस्टोनचं दीपगृह बांधताना पाण्याखाली घट्ट होणारा चुना कसा मिळतो ते शोधून काढलं. 'एल. जे. विका' उभं राहिलं, तो कृत्रिम सिमेंटचा जनक. 'आंरी ल शातलिए' उभं राहिलं, ज्याने सिमेंट घट्ट होताना रसायनात नेमकं काय घडतं ते सांगितलं. आम्ही कॉलेजात विकाच्या सुईने सिमेंटचा सेटिंग टाइम मोजायचो आणि ल शातलिएच्या साच्यात त्याचं फुगणं तपासायचो. ही माणसं लाटा झेलत उभी आहेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

याच ओळीतली 'क्वार्ट्झ' ही बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, १९४६ मध्ये बिकिनी बेटांवरच्या अणुचाचण्यांच्या वेळी तिथे हजर होती.

शिंपला

स्थापत्यदादा, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. ती जहाजं अजून आहेत का?

स्थापत्य_६१

गिरणी आक्रसत गेली तशी इतक्या मोठ्या तटाची गरज कमी झाली. त्यातलं एक, 'वायओजीएन ८२', २०१८ च्या जूनमध्ये मुद्दाम बुडवलं, तेल आणि घाण साफ करून, कृत्रिम खडक म्हणून. आता त्यावर समुद्री जीव वस्ती करतात आणि पाणबुडे ते पाहायला जातात.

निळी_खाडी

आम्ही गेलो तेव्हा बाकीची ओळीत होती. वरच्या रस्त्यावर बघायला एक जागा केली आहे, तिथून दिसतात. लांबून साधी जुनी जहाजं वाटतात, मग हळूहळू लक्षात येतं की यांना गंजच नाही, ही दगडाची आहेत. कडांवर गवत उगवलेलं होतं. तराफ्यांवर सीलायन ऊन खात पडले होते, त्यांचं भुंकणं वरपर्यंत येत होतं.

रानवाट

धागा आवडला, आणि सुरुवात तीस्क्वातपासून केलीत हे फार बरं वाटलं. एका ठिकाणी मात्र थोडं अडले. 'दुसऱ्या वस्तीत जावं लागलं' या वाक्यात ते सगळं फार चटकन संपतं. म्हणून थोडी भर.

त्लाअमिन लोक सांगतात की तीस्क्वातची नदी ही त्यांची माशांची मोठी नदी होती. धरण झालं आणि सॅमन माशांची वर चढायची वाट बंद झाली. कागदवाला काकांनी जी पाण्याची उडी सांगितली, जात्यांना फिरवणारी, तीच इकडून पाहिली तर अशी दिसते.

नदीला ज्यांचं नाव आहे ते पॉवेल १८७२ ते १८८९ या काळात त्या खात्याचे प्रांतातले मुख्य होते. पॉटलॅच हा किनाऱ्यावरच्या लोकांचा सगळ्यात महत्त्वाचा समारंभ, त्यात नावं दिली जात, वारसा ठरे, देणंघेणं होई. त्यावर कायद्याने बंदी आली ती याच काळात, १८८५ पासून. ती उठली १९५१ मध्ये. मधल्या पिढ्यांनी काय गमावलं असेल?

५ एप्रिल २०१६ रोजी त्लाअमिन राष्ट्राचा (तिथे आदिवासी समाजाला असंच म्हणतात) सरकारशी झालेला करार अमलात आला. स्वतःचं शासन, स्वतःचे कायदे, आणि आठ हजार हेक्टरांहून थोडी जास्त जमीन. २०१८ मध्ये तिथल्या प्रादेशिक जिल्ह्याचं नाव बदलून 'काथेट' झालं. त्लाअमिन वडीलधाऱ्यांनी दिलेला शब्द, एकत्र काम करणारी माणसं असा अर्थ. २०२१ मध्ये त्यांनी शहराचं नावही बदलण्याची विनंती केली.

अर्धविराम

रानवाट, माहिती मोलाची आहे. पण मला दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. तिथे चार पिढ्या गिरणीत राबलेल्या कुटुंबांसाठी 'पॉवेल रिव्हर' हे कुठल्या अधिकाऱ्याचं नाव राहिलेलं नाही. ते त्यांच्या आजोबांच्या डब्यावरचं, शाळेच्या टीशर्टवरचं नाव आहे. गिरणी गेली, आता नावही जाणार, असं त्यांना वाटलं तर ते चुकीचं म्हणता येईल का?

रानवाट

चुकीचं नाही म्हणणार. नाव जाणं काय असतं हे त्लाअमिन लोकांइतकं कुणाला माहीत असणार? म्हणूनच दोन्ही बाजूंनी हळू बोलायला हवं असं वाटतं. २०२१ मध्येच गिरणीने स्वतःचं नाव बदलून तीस्क्वात केलं होतं. काही महिन्यांनी ती थांबली. हे वाचून मला आनंद आणि दुःख एकदम झालं होतं.

कागदवाला

मी मध्ये बोलतो. रानवाटताई, माशांचं मला माहीत नव्हतं. आम्ही गिरणीची माणसं पाण्याकडे घनफुटांत बघतो. तुमचा प्रतिसाद वाचून जरा थांबलो.

अर्धविराम म्हणतात तेही खरं आहे. पाळीत तीस वर्षं काढली की गावाचं नाव आपल्या हाताला लागलेल्या वासासारखं होतं. पण तीस्क्वातच्या लोकांनाही त्यांच्या नावाचा तसाच वास असणार. आणि त्यांचं नाव अगोदरचं आहे. माझ्यापुरतं मी बदलाच्या बाजूने आहे.

निळी_खाडी

रानवाट, तुम्ही अडलात ते योग्यच. ते वाक्य मी फार घाईत ओलांडलं होतं.

या वादाबरोबर तिथे घडत आलेली एक चांगली गोष्टही सांगते. १९८४ पासून पॉवेल रिव्हरमध्ये आंतरराष्ट्रीय समूहगायनाचा महोत्सव भरतो. त्याचं नाव 'काथाउमिक्स' असं काहीसं उच्चारतात, त्लाअमिन शब्द आहे, वेगवेगळ्या लोकांनी एकत्र येणं. एवढ्याशा गावात जगभरातून गायकवृंद येतात, दोन फेरीबोटींनी.

अर्धविराम

आता मूळ प्रश्न. जगातली सगळ्यात मोठी न्यूजप्रिंट गिरणी बंद का पडली? लोक पेपर वाचत नाहीत एवढंच?

निळी_खाडी

ते मोठं कारण आहेच. उत्तर अमेरिकेत न्यूजप्रिंटचा खप या शतकात सतत घसरत गेला. छोट्या जाहिराती आधी इंटरनेटवर गेल्या, मग वाचक गेले, पानं कमी झाली. ज्या गिरणीचा जन्मच वर्तमानपत्रासाठी झाला तिला पहिला फटका बसणार. त्यांनी मासिकांच्या कागदाकडे वळून पाहिलं, पण तोही बाजार त्याच दिशेने चालला होता.

पण मला दुसरी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते. सुरुवातीची कंपनी गावातली होती, निदान गावापुरती होती. १९६० च्या आसपास ती मॅकमिलन ब्लोडेलमध्ये विलीन झाली. नंतर पॅसिफिका, मग नॉर्स्के स्कोग, मग कॅटलिस्ट, आणि २०१९ मध्ये पेपर एक्सलन्स. प्रत्येक वेळी पाटी बदलली आणि निर्णय घेणारा माणूस आणखी लांब गेला. याच काळात धरणं आणि वीजकेंद्रं गिरणीपासून वेगळ्या कंपनीत गेली.

काकांनी लिहिलं होतं ना, पाण्याची उडी हीच त्या गिरणीची पुंजी? ती पुंजीच बाजूला काढली गेली. वीज आजही होते, आता ती कागद करत नाही एवढंच.

कागदवाला

हे वाचून वाईट वाटलं. जात्यावरून पाणी काढून घेतलं म्हणजे जातं फक्त दगड राहतं. गिरणीचा जमाखर्च बघणाऱ्याला वीज हा एक वेगळा धंदा दिसतो. मशीनवर उभ्या असलेल्याला तसं दिसत नाही.

शेवटी किती माणसं होती कामाला?

निळी_खाडी

थांबली तेव्हा दोनशेच्या आसपास, काका. ज्या गावाची जवळजवळ प्रत्येक खिडकी गिरणीकडे उघडत होती, तिथे दोनशे.

शिंपला

बाकी सगळं वाचून जड वाटलं, म्हणून पुन्हा नदीकडे येते. ताई, ते वरचं तळं कसं आहे? एवढ्या गोष्टी तिथून सुरू झाल्या, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

निळी_खाडी

बरं झालं विचारलंस. तळ्याची गोष्ट या धाग्यातल्या सगळ्यात जुनी आहे.

पॉवेल तळं मुळात तळं नव्हतंच, समुद्राची खाडी होती. हिमयुगाच्या शेवटी तिथल्या प्रचंड हिमनद्या वितळल्या. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली. खाडीच्या तोंडाशी असलेला उंबरठा पाण्याबाहेर आला आणि आतलं पाणी समुद्रापासून तुटलं. वरून पावसाचं आणि बर्फाचं गोडं पाणी येत राहिलं, ते हलकं म्हणून वर पसरलं. खारं पाणी जड, ते तळाशी राहून गेलं. तळं साडेतीनशे मीटरच्या आसपास खोल आहे, वारा तिथवर पोचत नाही, पाणी ढवळलं जात नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तळाचं पाणी वर काढलं आणि ते खारं निघालं. साधारण दहा हजार वर्षांपूर्वीचा समुद्र अजून तिथे आहे.

आपण होडीतून फिरतो तेव्हा वर निळं, गोडं, थंड पाणी असतं. काठाला तरंगती लाकडी घरं बांधलेली आहेत, मोठमोठ्या ओंडक्यांच्या तराफ्यावर. आम्ही अशाच एका घराच्या ओट्यावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो. खाली काय आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

स्थापत्य_६१

म्हणजे आताची अर्धा किलोमीटरची नदी हा त्या जुन्या खाडीचा उंबरठाच म्हणायचा. जमीन उचलली नसती तर नदी नाही, उडी नाही, गिरणी नाही.

निळी_खाडी

अगदी. आणि तीस्क्वातही नाही.

कागदवाला

एक विचारू का? एवढी वर्षं हवेशिवाय बंद राहिलेलं खारं पाणी वर काढलं तेव्हा त्याला वास कसला येत होता, कुठे लिहिलंय का?

निळी_खाडी

लिहिलंय काका. तिथे प्राणवायू नाही आणि हायड्रोजन सल्फाइड भरपूर. सडलेल्या अंड्यांचा वास.

कागदवाला

तोच अंदाज होता. आमच्या क्राफ्ट प्लांटचा, म्हणजे गंधकाच्या रसायनात लाकूड शिजवणाऱ्या विभागाचा, वास तोच. आणि तुमच्या त्या गिरणीतही नंतर क्राफ्ट लगदा होत होता, म्हणजे गावात पोचणाऱ्याला पहिल्यांदा तोच वास येत असणार. गावातले लोक म्हणत असतील, हा पगाराचा वास. आमच्याकडेही तसंच म्हणायचे.